पोस्टमास्तरांच्या बंदुकीवरची दुर्बीण

बंदुकीच्या नळीच्या टोकाशी नेम धरायला जो मोहरीएवढा मणी असतो, तो झिजला आहे, असं निवृत्त पोस्टमास्तर होबार्ट स्टॉलनेकर यांनी ऑगस्टातल्या एका सकाळी न्याहारीला बसल्याबसल्या जाहीर केलं.

"लोखंड झिजतं," ते म्हणाले. "वापरून झिजतं, न वापरून झिजतं. नुसतं कपाटात उभं राहिलं तरी झिजतं. त्यात कुणाचा दोष नाही."

त्यांची बायको नेवा शेगडीपाशी अंडी परतत होती. "आणि आत्ता तू कॉफीत मीठ घातलंस," ती पाठमोरीच म्हणाली, "ते साखरेचं भांडं झिजलं म्हणून का?"

"मला आवडते खारट कॉफी. फौजेतली सवय."

"तू फौजेत कधी होतास?"

"टपालखातं म्हणजे काय वेगळं होतं?" पोस्टमास्तर म्हणाले आणि विषय संपला असं समजून त्यांनी टोस्टला लोणी लावायला घेतलं. निम्मं लोणी बशीला लागलं.

खरं सांगायचं तर मणी जसा होता तसाच होता. झिजत होते ते पोस्टमास्तरांचे डोळे. वसंतात शहरातल्या डॉक्टरने त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवून डोळ्यांत नाना तऱ्हेचे दिवे मारले आणि सांगितलं होतं, की कडेकडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल. पोस्टमास्तरांनी घरी येऊन बायकोला सांगितलं, "डॉक्टर म्हणाला, असे डोळे रोज बघायला मिळत नाहीत." नेवाने दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरला फोन केला. तिच्याकडून ते तिच्या धाकट्या भावाला, डेल्मसला कळलं. डेल्मसकडून शेजारच्या वेंडेलला, आणि वेंडेलला कळलं म्हणजे डोंगरातल्या सगळ्या पेंटर्स फोर्क गावाला कळलं. पोस्टमास्तरांच्या हातावरून न जाता गावभर वाटलं गेलेलं हे पहिलंच टपाल. आपलं गुपित अजून सुखरूप आहे असं गावात एकाच माणसाला वाटत होतं. बाकीच्यांनी त्याला तसं वाटू दिलं होतं.

एका बंदुकीच्या मण्यासाठी एवढी लपवाछपवी कशाला, असं कुणीही विचारील. त्याचं असं आहे. ती बंदूक त्यांच्या मुलाची, क्लेटनची. एका वेळी एकच बारीक गोळी घेणारी, जुनी बावीसच्या मापाची. गोळी सारा, मागची घुंडी बोटांनी खेचा, नेम धरा, उडवा, परत गोळी सारा. त्या डोंगरात मुलांना पहिली बंदूक हीच देतात. एकच गोळी आहे म्हटल्यावर पोर घाई करत नाही. क्लेटनने पुढेही कधी केली नाही. पण एका हिवाळ्यात नदीकाठच्या वळणावर बर्फावरून त्याची गाडी घसरली, आणि त्याला आता पुष्कळ वर्षं होऊन गेली.

त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. बोलायचं नाही असं कुणी ठरवलेलं नव्हतं. पण सप्टेंबरात खारींची शिकार खुली होते त्या पहिल्या शनिवारी पोस्टमास्तर ही बंदूक घेऊन कड्यावरच्या हिकरीच्या झाडांखाली जायचे आणि एक खार आणायचे. (ज्यांचं नाक मुरडलं असेल त्यांना एवढंच सांगतो, की तिकडच्या खारी चांगल्या मांजराच्या पिल्लाएवढ्या, करड्या, आणि त्यांच्या पाठीवर रामाची बोटं उमटलेली नसतात. तेव्हा पाप लागत नाही.) संध्याकाळी नेवा त्या खारीचा पिठाचा दाट पांढरा रस्सा करायची, पावासारखी फुगलेली गरम बिस्किटं फोडून त्यावर ओतायची, आणि तो खाता खाता दोघं क्लेटनबद्दल बोलायला लागायचे. कोण सुरुवात करायचं ते सांगता येणार नाही. भांडी पुसून फळीवर जाईपर्यंत बोलायचे. मग पुढच्या सप्टेंबरपर्यंत नाही.

खार नाही तर रस्सा नाही. आणि रस्सा नाही तर... पोस्टमास्तर या वाक्याच्या पुढे जात नसत. मागच्या वर्षी मिळाली होती ती खार निव्वळ स्वतःच्या निष्काळजीपणाने मेली होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी दुर्बीण मागवली.

दुर्बीण आली, मखमलीच्या पेटीत बसून आली. सोबतचे चिमटे मात्र बंदुकीवर बसेनात. हल्लीच्या बंदुकांच्या पाठीवर असे चिमटे पकडायला खाचा असतात. ही बिचारी त्या काळची, जेव्हा दुर्बिणी फक्त सेनापतींकडे असत. तिची पाठ उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत.

पोस्टमास्तर ओसरीवर बसून चिमट्यांशी झटत असताना वेंडेल कुंपणावरून डोकावला. वेंडेल विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला. आयुष्यभर लोकांना होणाऱ्या संकटांची आगाऊ माहिती देण्याची सवय, ती काही गेली नव्हती.

"पोस्टमास्तर, चिकटवा," तो म्हणाला.

"बंदुकीला दुर्बीण चिकटवायची?"

"माझ्याकडे असला डिंक आहे, विमानाचे पंख चिकटवतात त्याने. माझ्या मेव्हण्याचं बोट टेबलाला चिकटलं होतं. शेवटी टेबलच घेऊन आले दवाखान्यात."

या शिफारशीने पोस्टमास्तरांचं समाधान व्हायला नको होतं, पण झालं. मंगळवारी दुपारी नेवा चर्चमध्ये रजयांना टाके घालायला गेलेली असताना दोघांनी स्वयंपाकघरात ते कार्य उरकलं. वर दाब म्हणून घरातलं मोठं बायबल, बिटाच्या लोणच्याच्या दोन बरण्या आणि बिडाचा तवा रचला. नेवा परत आली तेव्हा टेबलावर बंदूक मेलेल्या नातेवाइकासारखी झाकून ठेवलेली, आणि दोघे जण टोप्या काढून शेजारी बसलेले.

दुसऱ्या दिवशी वजनं उतरवली. दुर्बीण पक्की बसली होती. नेवाचं फुलाफुलांचं हातपुसणंही पक्कं बसलं होतं. ते कात्रीने भोवतीने कापून काढलं, आणि पोस्टमास्तरांनी बंदूक खांद्याला लावून खिडकीतून बाहेर बघितलं.

वेंडेलचं घर दिसलं. पण ते दोन टेकड्यांपलीकडे गेलेलं होतं. गंजिफाच्या पानाएवढं घर, त्यासमोर मुंगीएवढा वेंडेल.

"ही मैदानी मुलखासाठी बनवलेली दिसते," पोस्टमास्तर खिन्नपणे म्हणाले. "आपल्या डोंगरात चालायची नाही."

नेवाने हात पुसून बंदूक घेतली, डोळा लावला आणि खाली ठेवली.

"होबार्ट, ही उलटी आहे."

"काय उलटं?"

"मोठं तोंड तुझ्याकडे आहे."

ज्या माणसाने जन्मभर डॉक्टरांची, दारुड्यांची आणि प्रेमात पडलेल्यांची अक्षरं वाचून प्रत्येक पत्र ज्याच्या त्याच्या दारात पोचवलं, त्याला दुर्बिणीचं मोठं तोंड कुठलं हे बायकोने सांगावं लागलं. त्यांनी बोट फिरवून बघितलं. होतं खरं मोठं.

"वेंडेलने धरली होती," ते म्हणाले.

"वेंडेलच तो," नेवा म्हणाली. "मी असते तरी चुकले असते. दोन्हीकडून सारखीच दिसते मेली." आणि ती वळून सिंकमध्ये धुतलेलीच बशी पुन्हा धुवायला लागली.

तो डिंक निघता निघेना. शेवटी डेल्मस त्यांना आपल्या गाडीत घालून व्हर्जिलकडे घेऊन गेला. व्हर्जिल बंदुका दुरुस्त करतो. घरामागच्या पडवीत त्याचं दुकान. तिथे बंदुका थोड्या आणि बाकांवर बसून मतं देणारी माणसं फार.

व्हर्जिलने दिव्याची ज्योत धरून डिंक मऊ केला, दुर्बीण सोडवली, आणि बंदुकीची पाठ अंगठ्याने चोळत म्हणाला, "भोकं पाडून आटे पाडावे लागतील. दोन दिवस ठेवून जा, पोस्टमास्तर. नंबर सांगा."

"कसला नंबर?"

"बंदुकीचा. रात्री दुकानात राहणार असेल तर सरकारी वहीत नंबर घालावा लागतो."

सगळीकडे शोधला. नळीखाली, लाकडाच्या आत, घोड्याच्या कडीवर. नव्हता. तिच्या काळात अशा पोरांच्या बंदुकांना नंबर घालायची चाल नव्हती. व्हर्जिलने बंदुकांच्या सरकारी कचेरीला फोन लावला आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू यावं म्हणून तो फोन बाकावर उताणा ठेवला. थांबा म्हणून आधी बराच वेळ फोनवर बासरी वाजली. मग एक बाई बोलली.

"नंबर नाही असं होत नाही. नीट बघा."

"बघितलं बाई."

"तिथे कुणी चांगली नजर असलेलं माणूस आहे का? त्याला बघायला सांगा."

बाकावरच्या प्रत्येकाने आपापल्या बुटांचं निरीक्षण सुरू केलं.

"नंबर नसेल तर तसा अर्ज करता येतो," बाई पुढे म्हणाली.

"त्या अर्जात काय भरायचं?"

"नाव, गाव, आणि वर नंबर."

पोस्टमास्तरांना एकदम मिसेस क्रॉफर्ड आठवली. पुड्यावर पिनकोड अर्धवट होता म्हणून त्यांनी तिला पावसातून परत घरी पाठवली होती, आणि खिडकीची फळी ओढून घेताना त्यांना त्यात न्यायाचा आनंदही झाला होता. आज ती जिथे कुठे असेल तिथे तिने बासरी ऐकली असेल.

यावर व्हर्जिलनेच तोड काढली. "गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तर वहीत घालावं लागत नाही. तुम्ही बसा. मी काम करतो. तुम्ही उठलात की काम बंद."

मग पोस्टमास्तर बसले. उपड्या बादलीवर, ताठ, हातात टोपी. बाकांवरच्या मंडळींना अशी संधी वर्षानुवर्षं मिळाली नव्हती.

"भोकं पाडली की जुन्या बंदुकीची किंमत गेली म्हणायची," एक जण म्हणाला.

"विकायचीय कुठे त्यांना?"

"तसं नाही, पण गेली म्हणायची."

"माझ्या काकाने दुर्बीण बसवली, आणि पहिल्याच दिवशी भुवई फोडून घेतली."

"बावीसच्या बंदुकीने? ती कुठे मागे येते?"

"बंदूक नाही रे. काका पुढे गेला."

अशा चर्चेत माणसाला मधेच उठावं लागतं, त्याला कुणाचा इलाज नाही. पोस्टमास्तर उठले. व्हर्जिलने लगेच हत्यार खाली ठेवलं, बंदूक पकडीतून सोडवली आणि त्यांच्या हातात दिली. मालक दुकानाबाहेर तर बंदूकही दुकानाबाहेर. पोस्टमास्तर अंगण ओलांडून, खांद्यावर बंदूक टाकून, मागच्या संडासाकडे निघाले. व्हर्जिलची बायको दोरीवर चादरी घालत होती.

"पोस्टमास्तर," तिने चिमटा तोंडातून काढून विचारलं, "आमच्या संडासात अस्वल शिरलंय का?"

"नियम आहे, बाईसाहेब," ते म्हणाले आणि तशाच गंभीरपणाने आत गेले. सगळ्या आयुष्यात त्यांनी नियम दुसऱ्यांना सांगितले होते. स्वतःच्या अंगावर तो किती ढगळ होतो हे आज कळत होतं.

संध्याकाळपर्यंत भोकं पडली, आटे पडले, दुर्बीण बसली, तोंड योग्य दिशेला. पण गोळी घालायला खिट्टीचा दांडा वर उचलावा, तर तो दुर्बिणीला थडकायचा. म्हणून खाली लाकडाच्या पट्ट्या घालून दुर्बीण उंच केली. उंच केली तर गाल लाकडावर टेकून डोळा तिथे पोचेना. म्हणून लाकडावर गादी हवी. पोस्टमास्तरांनी बूट काढून आपला लोकरी मोजा दिला. व्हर्जिलने त्यात चिंध्या कोंबल्या आणि काळ्या चिकटपट्टीने तो बंदुकीला बांधून टाकला. शेवटी असं दिसायला लागलं, की पाठीवर नातू आणि गालाला गळू घेऊन एखादी म्हातारी यात्रेला निघाली आहे. मागची घुंडी दुर्बिणीखाली अशी दडली, की ती खेचताना बोटाचं साल निघायचं.

"झकास," डेल्मस म्हणाला.

"कशी दिसते?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"झकास म्हटलं ना."

आता नेम जुळवायचा. वेंडेलच्या कुरणाच्या टोकाला त्यांनी एका खोडाला कागदाची ताटली ठोकली. पोस्टमास्तर ओंडक्यामागे बसले, मोज्यावर गाल टेकला, डोळा लावला.

ताटली मोठी झाली होती, यात शंका नाही. गोल कड स्पष्ट, पांढरीशुभ्र. पण जिथे मध्य असायला हवा, तिथे एक करडा धूसर डाग होता, ओल्या बोटाने पुसल्यासारखा. दुर्बिणीने तोही मोठा केला होता. त्यांनी डोळा मिटला, उघडला, काच रुमालाने पुसली. डाग होता तिथेच. मान जरा वाकडी करून बघितलं तर ताटली दिसायची, पण मग दुर्बिणीतली नेम धरायची फुली जायची.

खाली नदीवर एक बगळा ओरडत गेला.

"काच ढगाळ आहे," ते शेवटी म्हणाले.

"असेल," डेल्मस म्हणाला. "नवी आहे ना. वापरून स्वच्छ होईल."

पोस्टमास्तरांनी गोळी झाडली. डेल्मसने आपली हातातली दुर्बीण लावून बघितलं. ताटलीला ओरखडा नव्हता. खोडालाही नव्हता. त्याला पुढे रस्त्याकडे काहीतरी टणकन वाजल्याचं ऐकू आलं होतं.

"जरा उजवीकडे," तो म्हणाला. "पण जवळ."

"किती जवळ?"

"बसलं असं समज."

ते समजणं संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी वेंडेल आपली पत्र्याची टपालपेटी खांबासकट बगलेत मारून ओसरीवर आला. पेटीच्या या अंगाने एक सुबक भोक, त्या अंगाने एक गबाळं.

"पोस्टमास्तर," तो हळूच म्हणाला, "माझं टपाल एवढ्या जोराने यायला नको होतं."

टपालपेटीला इजा करणं हा केंद्र सरकारच्या कायद्याने गुन्हा आहे. याबद्दलची पाटी पोस्टमास्तरांनी स्वतः आपल्या कचेरीत चार खिळ्यांनी ठोकली होती. ते उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा असा पडला, की वेंडेलने घाईघाईने पेटी पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला. पण खांब लपेना.

"तसं नाही, पोस्टमास्तर, आता हवा खेळती राहील आतून. बिलं सुकी राहतील."

"मी नवी आणून देतो," पोस्टमास्तर म्हणाले. "आणि माफी मागतो. खात्याच्या वतीने." मग ते आत जाऊन दिवा न लावता बसले.

नेवा फोन घेऊन मागच्या दाराबाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. बोललेलं ऐकू आलं नाही. आवाज मात्र कळला. क्लेटन तापाने पडायचा तेव्हा डॉक्टरशी ती याच आवाजात बोलायची.

शनिवारी उजाडता उजाडता डेल्मस दारात हजर. हातात छर्ऱ्यांची दुनळी बंदूक.

"तू कशाला?" पोस्टमास्तर म्हणाले. आजवर या दिवशी ते एकटेच गेले होते.

"व्हर्जिलच्या संडासातलं अस्वल सुटलंय म्हणे. तुला सोबत."

पोस्टमास्तरांना हसू आलं नाही, पण त्यांनी नाही असंही म्हटलं नाही. पायवाटेवरचे दगड हल्ली जागा बदलायला लागले होते. डेल्मस एक पाऊल पुढे चालत होता आणि उगाचच मोठ्याने बोलत होता, "इथे मूळ आहे बघ, काय मेलं जाडजूड वाढलंय. इथे ओढा आहे, यंदा पाणी बरंय." पोस्टमास्तर त्या मुळांवर आणि ओढ्यावर मोजून पाऊल टाकत होते आणि मनात म्हणत होते, हा किती बडबडतो.

हिकरीखाली ते बुंध्याला पाठ लावून बसले. डेल्मस मागे थोड्या अंतरावर, रानफुलांच्या झुडपात. धुकं खाली दरीत साचलेलं. वर शेंड्यात खारी कामाला लागल्या होत्या. टरफलांचा चुरा पानांवर पडत होता, बारीक पावसासारखा. पोस्टमास्तरांना तो ऐकू येत होता. कुठल्या फांदीवर, किती उंच, सगळं कानाने कळत होतं. त्यांनी गोळी सारली, साल गेलेल्या बोटाने घुंडी खेचली आणि मोज्यावर गाल ठेवला.

फांदी दिसली. फांदीचा हा तुकडा आणि तो तुकडा. मधे करडा डाग. त्या डागात खार असणार. तीही करडीच.

त्यांनी श्वास सोडला आणि डागाच्या मधोमध गोळी झाडली.

असा आवाज झाला, की दरी हादरली. क्लेटनची ती बंदूक जन्मात एवढी गरजली नव्हती. ती काटकी मोडल्यासारखी वाजायची. फांदीवरून काहीतरी सुटलं, पानांतून धडपडत आलं आणि त्यांच्या बुटापासून हातभरावर धप्पकन पडलं.

"पडली!" डेल्मस झुडपातून ओरडत आला. "होबार्ट! काय नेम लेका! एवढ्या उंचावरून!"

पोस्टमास्तर चाचपडत पुढे झाले आणि त्यांनी ती शेपटीने उचलली. गरम होती. मोठी होती.

"आवाज फार झाला," ते म्हणाले.

"धुक्यात घुमतो."

"घुमतो खरा," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांनी ते अगदी सहज मान्य केलं. माणसाला एखादी गोष्ट फारच हवी असली, तर तिचा आवाज किती झाला याची तो चौकशी करत नाही.

खार साफ करायचं काम डेल्मसने आपणहून घेतलं. ओढ्याकाठी पाठ करून बसला आणि इतका वेळ लावला, की पोस्टमास्तरांनी दोनदा विचारलं, खार सोलतोयस की गाय.

परतताना ते मुद्दाम वेंडेलच्या दारावरून गेले. "दुर्बिणीचा गुण," त्यांनी नम्रपणे सांगितलं. वेंडेलने टोपी काढली. दुपारी व्हर्जिलही येऊन गेला आणि दुर्बीण थोपटून म्हणाला, पाव इंच उंच केली त्याचा हा फरक. पोस्टमास्तरांनी दिवसभर कुणालाही झापलं नाही, रेडिओची बटणं स्वतः शोधली, आणि सडकेवरून जाणाऱ्या अनोळखी गाड्यांनासुद्धा हात केला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात पीठ भाजल्याचा वास सुटला. नेवाने बिस्किटं फोडली, वर रस्सा ओतला. रस्सा दाट होता, मिरपूड बेताची. थोडा वेळ कुणी बोललं नाही. पोस्टमास्तरांनी काट्याने बिस्किट बशीत इकडचं तिकडे केलं. एखाद वर्षी बोलणं सुरूच झालं नाही तर?

"तो पहिल्यांदा गेला होता तुझ्याबरोबर," नेवा म्हणाली, काटा थांबवून, "तेव्हा माझी लाल टोपी घालून गेला होता. कानावरून खाली यायची."

"डोळ्यांवर यायची," पोस्टमास्तर म्हणाले. "आणि तो ती वर करायचा आणि विचारायचा, आली का? आली का? मी म्हटलं, गप्प बसशील तर येईल. मग जो गप्प बसला..."

इथे त्यांच्या दाढेखाली काहीतरी कट्कन वाजलं.

त्यांनी जिभेने ते पुढे आणलं. मोहरीएवढं, गोल, गुळगुळीत, जड. शिसं. त्या डोंगरात वाढलेल्या कुठल्याही माणसाला ते जिभेवर ओळखू येतं. त्याला डोळे लागत नाहीत. बावीसच्या बंदुकीची गोळी एकच असते, आणि ती खारीला भोक पाडून निघून जाते. छर्रे दुनळीतून येतात.

समोर नेवा होती. तिच्या चेहऱ्याच्या जागी तो डाग होता. कडेने मात्र तिचे केस दिसत होते, आणि टेबलावर टेकलेली कोपरं. कोपरं हलत नव्हती.

तोंडात बोट घालून छर्रा बशीत टाकला असता, तर तो वाजला असता. मग डेल्मसचं नाव निघालं असतं, मग डॉक्टरचं, मग त्यांच्या हातून काढून घ्यायच्या गाडीच्या किल्ल्यांचं. रात्र पडेपर्यंत बोलायला विषय पुरला असता. क्लेटन लाल टोपी घालून तिथेच बसून राहिला असता, पुढच्या सप्टेंबरपर्यंत. आणि पुढच्या सप्टेंबरात तर...

पोस्टमास्तरांनी रश्शात बुडालेला बिस्किटाचा मोठा तुकडा तोंडात घातला आणि सगळं एकत्रच गिळून टाकलं.

"मग?" नेवाने विचारलं. "जो गप्प बसला, तो?"

"तो झोपला. बुंध्याला टेकून. बंदूक मांडीवर, टोपी नाकावर. आणि बघतो तर खार खाली उतरलेली. चालत आली ती थेट त्याच्या बुटावर. बुटाच्या नाडीचा वास घेतला तिने. एवढी जवळ."

टेबलाच्या पलीकडून बशीवर बारीकसा आवाज आला. टिक. मग लगेच नेवाचा काटा त्यावरून फिरला आणि बिस्किटाचा तुकडा त्यावर सरकवल्याचं त्यांनी ऐकलं. पोस्टमास्तरांनी मान खाली घालून आपल्या बशीतला रस्सा उगाच गोळा केला.

"मग मारली का नाहीस तू?" नेवा म्हणाली. "त्याला उठवायचं तरी."

"छे गं," पोस्टमास्तर म्हणाले. "इतकी गाढ लागली होती त्याला."